दुसरा पाहण्याचा कार्यक्रम

शेट्यांच्या घरच्यांनी मला दोनदा पाहिलं. पहिल्यांदा लग्नाआधी, जयसिंगपूरला माझ्या माहेरी. दुसऱ्यांदा लग्नानंतर अकरा वर्षांनी, मिरजेच्या एका इस्पितळात, आणि त्या वेळी दाखवायला आम्ही चौघी होतो. चौघीही मीच. त्यांतली कोणती पसंत पडली ते सांगणार आहे, पण आधी दुखणं सांगायला हवं.

मिरजेत दर चार घरांआड दवाखाना आहे. पेशंटबरोबर बाहेरगावहून आलेल्या नातेवाइकांना डबे लागतात, ते आम्ही पुरवतो. काम सासूबाईंनी सुरू केलेलं. पोळ्या लाटायची यंत्रं आता गल्लोगल्ली झाली आहेत, तरी आमच्या दारावर ‘हाताची पोळी’ अशी पाटी होती आणि तो हात माझा होता. पहाटे चारला उठायचं आणि नऊच्या आत चारशे पोळ्या. सासूबाई भाजायला, मी लाटायला. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, डबे पोचवायला. “आमची हेमांगी म्हणजे वारं हाय वारं,” असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मला घाम यायचा, तो शेगडीमुळे. हात थरथरायचे, ते लाटण्यामुळे. चार माणसांचं खाऊन वजन उतरायचं, ते कामामुळे. श्रीरंगची मोठी बहीण, आमच्या वन्सं, म्हणायच्या, “नशीबवान हायस बघ. आम्ही नुसता वास घेतला तरी फुगतोय.” झोप लागायची नाही, पण चारला उठायचंच असतं तर झोपेचं काय एवढं! आणि राग यायचा, डोकं फिरल्यासारखा, तो माझ्या स्वभावामुळे. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं, त्यामुळे दुखण्याला शिरायला अकरा वर्षं फट सापडली नाही.

मग एका सकाळी परातीसमोर बसले असताना छातीत कुणीतरी जोरजोरात कणीक तिंबायला लागलं. उठायला गेले ती भिंतीवर आपटले.

डॉक्टर तहसीन मुजावर सावकाश बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी माझी नाडी धरली, बोटं पसरायला लावली, गळा चाचपला आणि म्हणाल्या, “थायरॉइड. किती वर्षं अंगावर काढलंत?”

त्यांनी समजावलं ते असं. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. शरीराची शेगडी मोठी ठेवायची की बारीक, हे ती ठरवते. माझ्याच रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं चुकून त्या शेगडीचं बटण दाबून धरत होती. त्यामुळे आच सारखी मोठी. हृदय धावतंय, हाडं झिजतायत, डोळे बाहेर येतायत. वाटा तीन. गोळ्या घेऊन ग्रंथीला आवरायचं, वर्ष-दीड वर्ष, पण गोळ्या थांबल्यावर बऱ्याच जणांचं दुखणं परत फिरतं. नाहीतर किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल गिळायची. आयोडीन फक्त त्या ग्रंथीलाच हवं असतं, तीच ते ओढून घेते आणि आतून जळते. नाहीतर सरळ शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकायची. शेवटच्या दोन्हींत पुढं जन्मभर रोज सकाळी एक गोळी.

“यातलं चांगलं कोणतं?” श्रीरंगने विचारलं.

“ते यांना कशा प्रकारे जगायचंय त्यावर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आता तर ते आधी बघताही येतं.”

त्यांच्याकडे प्रतिरूपाचं यंत्र आलं होतं. माणसाचं रक्त, जनुकं आणि हातातल्या घड्याळाने वर्षानुवर्षं साठवलेले ठोके यांवरून ते त्या माणसाचा हिशोबी जुळा तयार करतं. त्या जुळ्याला एकेक उपचार द्यायचा आणि काळ पुढं सोडायचा. मग पडद्यावर तुम्हीच दिसता, पुढच्या वर्षांतल्या. बोलता, चालता, विचारलं तर उत्तर देता. “ती माणसं नाहीत, अंदाज आहे,” डॉक्टर बजावून म्हणाल्या. “पाऊस पडेल असं सांगणारी बातमी ओली नसते.”

यंत्राला आणखी एक गोष्ट हवी होती. मी निरोगी असतानाचं थोडं जुनं चित्रीकरण, म्हणजे माझी मूळ घडण कळेल. श्रीरंगने क्षणाचाही विचार न करता लग्नाचं चित्रीकरण दिलं. कुणीही तेच देईल. प्रत्येक घरात बाईचं नीट, भरपूर उजेडात, चार तास केलेलं चित्रीकरण असतं ते तेवढंच.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. पडद्यावर मी हातात हार घेऊन अंतरपाटामागे उभी होते. मंगलाष्टकं चालू होती.

“हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची लाट येते,” त्या म्हणाल्या. “कातडी किंचित लाल होते. आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. हे बघा. मिनिटाला एकशे सव्वीस.”

“लग्नाची धडधड असेल.”

“जेवताना एकशे बावीस. पाठवणी होऊन गाडीत झोपलात तेव्हा एकशे अठरा. हारातली फुलं बघा कशी हलतायत. पापण्या बघा, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतंय.” त्यांनी चित्र थांबवलं. “हेमांगी, तुम्ही लग्नात उभ्या राहिलात तेव्हा आजारी होतात. त्याआधीपासून असाल. तेव्हापासून ते कमी-जास्त धुमसतंय. मधे फक्त गरोदरपणात शांत झालं होतं, घड्याळातल्या ठोक्यांवरून दिसतंय ते. तसं बऱ्याचदा होतं.”

माझ्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट यायला लागली. पाहायला आले तेव्हा सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, मुलगी चटपटीत हाय, आणि डोळे कसे टपोरे! श्रीरंग अजूनही सांगतो की मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि त्याने फक्त डोळे पाहिले. माझ्या लेकीच्या, शर्वाच्या वेळी मला दिवस गेले होते ते नऊ महिने मात्र घरात माझ्या आळशीपणाची चर्चा होती, “नुसती बसून असती” म्हणून. म्हणजे त्या घरात मी नऊ महिनेच बरी होते, आणि त्या नऊ महिन्यांबद्दल मला आजवर टोमणे बसत होते. मी इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून रडले. या लोकांनी दुखणं पसंत केलं होतं आणि मी त्याच्याबरोबर पाठवणीत आले होते.

इस्पितळाचा नियम असा होता की औषधपाणी घरानेच सांभाळायचं असतं, तेव्हा प्रतिरूपं घरच्यांनी मिळून पाहावीत. सासूबाई जरीकाठी नेसून आल्या. वन्सं सांगलीहून आल्या. त्या दोघी पुढच्या खुर्च्यांवर बसल्या, श्रीरंग त्यांच्याशेजारी, आणि नऊ वर्षांच्या शर्वाला घेऊन मी मागे. खुर्च्या मांडल्या होत्या तशा बसलो, तरी मांडणी कसली झाली हे मला तेव्हाच कळलं.

पहिली आली ती गोळ्यांची. बरी दिसत होती, पण तिसऱ्या वर्षात तिचे हात परत थरथरायला लागले. “म्हणजे ही टिकायची न्हाई,” सासूबाईंनी निकाल दिला.

दुसरी कॅप्सूलची. मला आधीच डोळ्यांचा त्रास असल्यामुळे हिचे डोळे आणखी बाहेर आले होते आणि लालबुंद होते. घरातही काळा चष्मा लावत होती. “काळा चष्मा घालून पोळ्या लाटणार व्हय?” वन्सं हसल्या. डॉक्टर म्हणाल्या की कॅप्सूल घेतल्यावर काही दिवस लेकीपासूनही लांब राहावं लागेल. शर्वाने माझा पदर घट्ट धरला.

तिसरी शस्त्रक्रियेची. गळ्यावर दागिन्याखाली लपेल एवढी रेघ. माझ्यापेक्षा सात किलोंनी भरलेली. खुर्चीवर बसली होती.

“जरा चालून दाखवायला सांगा की,” सासूबाई म्हणाल्या.

ती चालली. सरळ, सावकाश. परत येऊन बसली.

“पोळ्या किती हुतात गं तुझ्या, नऊपर्यंत?”

“दोनशे करते आई. पुढच्या नाही करत.”

“का? दमतीस?”

“नाही. पुरे वाटतं म्हणून.”

सासूबाईंनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग म्हणाला, “हिचे डोळे बारीक वाटतात.”

“ते डोळ्यांचं खरं माप आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तब्येतीची कसलीही तक्रार नाही. नाडी चौऱ्याहत्तर. साधी, धडधाकट बाई आहे ही.”

मला ती फार आवडली. असं वाटलं की पडद्यात हात घालावा आणि तिच्या हातावर ठेवावा. तिचा हात हलत नव्हता. तेवढ्यात शर्वा माझ्या मांडीवरून उतरून पुढं गेली आणि तिने त्या बाईला विचारलं, “तू ओरडतेस का?”

“कधी कधी,” ती म्हणाली.

“रोज?”

“रोज नाही.”

शर्वा तिथंच पडद्याजवळ उभी राहिली, परत माझ्याकडे आली नाही. मी रोज ओरडत होते हे मला माहीत होतं, पण ते तिच्या तोंडून एवढ्या हळू आवाजात ऐकायचं राहिलं होतं.

“डॉक्टरबाई,” सासूबाई खुर्चीत पुढं सरकल्या, “गोळ्याच द्यायच्या, पण निम्म्या दिल्या तर? म्हणजे दुखणंबी आटोक्यात आणि पोरगीबी हाय तशी.”

“असा सल्ला मी देणार नाही. शेगडी मोठीच राहील.”

“बघायला काय पैसे पडत्यात? दाखवा तर.”

यंत्राला कोणताही डोस चालतो. डॉक्टरांनी नाइलाजाने आकडा घातला आणि चौथी आली.

आली म्हणजे काय, धावतच आली. बांगड्या वाजवत, हसत, बोलताना हातवारे करत. डोळे हे एवढे. “आई, चारशे वीस झाल्या आज!” म्हणाली. सासूबाईंनी टाळी वाजवली. “हीच की आपली हेमांगी!” श्रीरंगच्या तोंडावर जे हसू आलं ते मी फक्त लग्नाच्या चित्रीकरणात पाहिलं होतं.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. असं सतत धावणारं हृदय एक दिवस ठेका चुकतं. मग रक्त आत साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे जाते. यंत्र दहा वर्षांचे हजारो रस्ते चालून बघतं. या बाईच्या बाबतीत त्यांतल्या चौथ्या हिश्श्यात झटका येत होता.

“म्हणजे चारात तिघी नीट राहतात,” श्रीरंग म्हणाला.

तो वाईट माणूस नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही, माहेरी जाताना अडवलं नाही. हे वाक्यही त्याने वाईट हेतूने उच्चारलं नव्हतं. म्हणूनच मला ते आजतागायत विसरता आलेलं नाही. माझं मत कुणीच विचारलं नाही. पहिल्या कार्यक्रमातही विचारलं नव्हतं, पण तेव्हा निदान खोलीत मी एकच होते, यातली कोण मी हा प्रश्न नव्हता.

बाकीचे जिना उतरायला लागल्यावर मी मागे वळले आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदावर ‘शस्त्रक्रिया’ या शब्दापुढे सही केली.

घरी आल्यावर श्रीरंगला कळलं. त्याने भांडण केलं असतं तर सोपं झालं असतं. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला.

“मी जिच्याशी लग्न केलं तिला तू कापून टाकायला निघालीस,” तो म्हणाला.

“ती आजारी होती.”

“मला कुठं आजारी वाटायची?”

“अहो, मी मरेन त्याने!”

“डॉक्टर काय, भीतीच घालतात,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून आडवा झाला.

शस्त्रक्रियेआधी दीड महिना पूर्ण डोसाच्या गोळ्या घेतल्या, मग ग्रंथी काढली. दोन आठवडे आवाज घोगरा होता, नंतर मोकळा झाला. गोळीचं माप बसायला चार-पाच महिने गेले. आणि मग एके दिवशी मी सकाळी सहाला उठले, तर खिडकीत उजेड होता आणि छातीत काहीही चाललेलं नव्हतं. इतकी शांतता मला माझ्या अंगात कधी आठवत नव्हती. मी तशीच पडून नुसती त्या शांततेकडे लक्ष देत राहिले. शर्वा येऊन माझ्याशेजारी आडवी झाली. आता ती शाळेतून आली की बाहेरूनच माझ्या रागाचा अंदाज घेत नसे, थेट आत यायची.

तेवढंच काय ते माझ्या पदरात पडलं. पोळ्या दोनशेवर आल्या. सासूबाईंनी पोळ्यांचं यंत्र आणलं, दारावरची पाटी उतरवली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. “हिला काय झालंय कळत न्हाई, बसली की बसली,” असं शेजारी सांगायच्या. मी बरी झाले होते, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मी सांगून पाहिलं. “बरी म्हंजे अशी?” त्या म्हणाल्या.

प्रतिरूपं घरी नेऊन विचार करता यावा म्हणून इस्पितळाने चारही जणी एका टॅबमध्ये घालून दिल्या होत्या. महिनाभरात परत करायच्या होत्या. परत देताना मी सगळ्या पुसून टाकल्या. पण चौथी श्रीरंगने त्याआधीच स्वतःच्या टॅबमध्ये उतरवून घेतली होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

दुपारी डबे पोचवून आला की तो मागच्या खोलीत जायचा आणि तिथून हसण्याचे आवाज यायचे. एकदा मी दार लोटलं. तो लोडाला टेकून तिच्याशी बोलत होता. कुठल्या वॉर्डातला पेशंट गेला, कुणी डबा परत पाठवला, गाडीची बॅटरी कशी दगा देते. हे मला सांगणं त्याने कधीच बंद केलं होतं. ती त्याचं अर्धं वाक्य तोडून पुढचं आपणच पुरं करत होती. पूर्वी मीही तसंच करायचे आणि तेव्हा मला वाटायचं की हे प्रेम आहे. तिचं कॅलेंडर आमच्या कॅलेंडरबरोबर रोज एकेक दिवस पुढं सरकत होतं. आमच्याकडे गुढीपाडवा झाला की तिच्याकडेही व्हायचा.

“परत करा ते,” मी म्हटलं.

“तुला काय त्रास आहे तिचा?” तो म्हणाला.

त्रास होता, नाही कसा! दुसरी कुणी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या झिंज्या माझ्याच डोक्यावर होत्या. मी डॉक्टरांकडे जाऊन तक्रार केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही त्यांना एक सांगा. ते चित्र म्हणजे चारांतल्या सुखरूप तिघींपैकी निवडून घेतलेली एक नव्हे. त्यात अजून काहीच ठरलेलं नाही. यंत्र तिच्यासाठी रोज नव्याने फासा टाकतं.” मी सांगितलं. तो म्हणाला, “रोज टाकतं तर रोज नीटच पडतोय की.”

शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले होते. मंगळवार होता, दुपारी दोनचा सुमार. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. फोन वाजला. डॉक्टर मुजावर होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलत होत्या.

“हेमांगी? तुम्ही बोलताय? तुम्ही ठीक आहात?”

“मी मेथी निवडतेय. का हो?”

“आत्ता श्रीरंगचा फोन आला होता. बायकोला झटका आलाय, तोंड वाकडं झालंय, गाडी पाठवा म्हणाले.”

मी फोन तसाच ठेवून मागच्या खोलीत गेले. श्रीरंग जमिनीवर बसला होता, टॅब मांडीवर. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागे उभ्या होत्या. ते पाणी कुणाला पाजायचं होतं ते त्यांनाच माहीत.

पडद्यावर ती होती. डावा गाल खाली ओघळला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती आणि ती पुसायला उजवा हात वर येत होता, डावा येत नव्हता. डोळे तेवढे तसेच होते, मोठे आणि टक्क उघडे. ती काहीतरी सारखं म्हणत होती. मी खाली वाकून ऐकलं. “चार... चारशे... झा... झाल्या,” असं म्हणत होती.

मी श्रीरंगशेजारी बसले. त्या वाकड्या तोंडाला मी आरशात पाहावं तशी पाहत होते. सवत म्हणून मला तिची चीड होती ती कुठल्या कुठे गेली आणि फक्त दया आली. तिच्याकडून शेवटच्या क्षणापर्यंत पोळ्याच मोजून घेतल्या होत्या आम्ही.

“डॉक्टर काय म्हणाल्या?” श्रीरंगने विचारलं. त्याचा चेहरा ओला होता. “हिला कुठं न्यायचं?”

“कुठंही नाही न्यायचं. अहो, ही मी आहे. आणि मी इथं आहे, मला काही झालेलं नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. शेजारची बाई साखर मागायला नको त्या वेळी आली की पाहतात तसं.

“पण ही बरी होईल ना?”

लग्नाला बारा वर्षं झाली होती. गळा चिरून आले होते मी. हा प्रश्न त्याने माझ्याबद्दल कधी कुणाला विचारला नव्हता.

“नाही होणार,” मी म्हटलं. “हिला वाचवायचा एकच दिवस होता. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मिळून हिला पसंत केलंत.”

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि भिंत धरून बाहेर गेल्या. श्रीरंगने टॅब छातीशी धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि लहान मूल रडतं तसा रडायला लागला. “हेमांगी,” तो म्हणाला, “ए हेमांगी, बोल की गं.”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. माझी नाडी चौऱ्याहत्तर असेल. ती हाक मला नव्हती, म्हणून मी ओ दिली नाही.